धड्यातला खडा

भीमराज सर खुर्चीत बसले ते बसलेच.

पुण्याहून त्यांना बोरगव्हाणला परत आणलं तेव्हा उन्हाळा होता आणि शेतं काळीभोर उघडी पडली होती. आता कपाशी कमरेला लागली, पात्या म्हणजे कळ्या धरल्या, पोळा तोंडावर आला, आणि सर अजून ओसरीवरच्या त्याच निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत. सकाळी खुर्ची, दुपारी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. दीपा रोज शाळा सुटली की त्यांच्याकडे डोकावायची, आणि रोज सरांच्या बायको कांताबाई तिला दारातच गाठायच्या.

"तुह्या सराच्या खुर्चीले मुळ्या फुटून राह्यल्या, दीपा. रोज लोटाभर पाणी घालू का?"

सरांना ऐकू जावं एवढ्याच आवाजात त्या हे बोलायच्या. सर ऐकायचे, पण हसायचे नाहीत. या माणसाला तिनं आयुष्यात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तीस वर्षं शिकवलं त्यांनी, तेही उभ्यानं. वर्गातली मास्तरांची खुर्ची छत्री ठेवायच्या कामाची होती.

झालं होतं ते असं. हिवाळ्यात सर मुलाकडे, अतुलकडे पुण्याला गेले. अतुलच्या घरातली फरशी अशी गुळगुळीत की तिच्यात पाहून भांग पाडावा. न्हाणीतून ओल्या पायानं बाहेर आले, पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, "गुरुजी, हाड माझ्यापेक्षा मजबूत आहे. चाला आता." सोबत वॉकरही दिला. सर वॉकर धरून उभे राहायचे, एक पाऊल टाकायचे, खाली जमिनीकडे पाहायचे आणि मुकाट्यानं परत बसायचे.

"काय झालं सर?" दीपा विचारायची.

"काही नाही. जोर सरला माहा."

बस, एवढंच. वॉकरवर मग कांताबाई लुगडं वाळत घालायच्या.

आणि आता अतुलचा फोन आला होता. पोरगा वाईट नव्हता बिचारा. आईचंही वय झालं, तिनं किती दिवस बाबांना उचलायचं आणि बसवायचं, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काय होतं? पोळ्यानंतरच्या रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. बाबा चालत असले तर ठीक. नसले तर घराला कुलूप, आणि दोघांना कायमचं पुण्याला, त्याच गुळगुळीत फरशीवर.

"जाईन मंग," सर म्हणाले. "बसायचंच हाय तर इथं काय अन् तिथं काय."

दीपाला हे ऐकून रडूच आलं. रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

रागाला कारण होतं. चालायचं कसं, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं. पाय तर देवानं सगळ्यांनाच दिलेत. पण चालतो म्हणजे नेमकं काय करतो, हे बोरगव्हाणच्या दोन पिढ्यांना भीमराज मुनेश्वर सरांनी सांगितलं. दीपा सहावीत असताना सरांनी अख्खा वर्ग नाल्यावरच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या फरशीपुलावर, नेला होता. श्रावणात रपट्यावर हिरवंगार शेवाळ. सर म्हणाले, "चाला." पोरं धपाधप आपटली. एकाची चड्डी मागून हिरवी झाली ती शेवटपर्यंत हिरवीच राहिली. मग सरांनी त्यांना काठावरच्या खरबरीत मुरमावर आणलं. "आता चाला. आता काहून नाही पडले? आपण पायानं जमिनीले मागं ढकलतो, म्हणून जमीन आपल्याले पुढं ढकलते. तिले पकडाले काही सापडलं नाही, तर ती तरी काय करन बिचारी?"

घरी गेल्यावर आयांनी कपडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी चार जणी शाळेत भांडायला आल्या. सरांनी त्यांनाही घर्षण समजावून सांगितलं. एक तर खूश होऊन गेली.

शिकवण्याची त्यांची आणखी एक तऱ्हा होती, आणि ती मात्र जगात दुसरीकडे कुठं असेल असं दीपाला वाटत नाही. आठवड्यातून एकदा ते धड्यात एक चुकीचं वाक्य टाकायचे. चोरून नाही, सांगून. तासाच्या सुरुवातीला फळ्याकडे पाठ करून हात मागं बांधायचे आणि म्हणायचे, "आज भातात एक खडा हाय. दाताखाली आला का गिळायचा नाही. वरडायचं." की झालं! ज्या पोरांना एरवी तासाला डुलक्या यायच्या ती कान टवकारून बसायची. कोण आधी "खडा!" म्हणून ओरडतो याची चुरस. एका महाभागानं तर सरांनी "आज मंगळवार" म्हटल्याबरोबर "खडा!" म्हणून आरोळी ठोकली, आणि मंगळवारच होता.

दीपा त्यात नव्हती. ती तिसऱ्या रांगेत भिंतीला चिकटून बसायची आणि हजेरीला "हजर" म्हणतानाही तिचा आवाज बाहेर यायचा नाही. सातवीत असताना एकदा सरांनी वर्ग बाहेर आणला. रस्त्यावर दीपाच्या बाबांचीच बंडी उभी होती, बैल रवंथ करत होते. सर बंडीच्या चाकावर हात ठेवून सांगू लागले, "हे दोन बैल बंडी ओढतात. बैलाले ताकद हाय म्हणून बंडी चालते. ह्याच्यात जमिनीचं काहीच काम नाही." आणि पुढं बोलू लागले.

दीपाच्या डोळ्यांपुढं आदल्या आठवड्यातली शेतवाट, ती पांदण उभी राहिली. पाऊस होऊन गेलेला, काळी माती लोण्यासारखी झालेली, बंडी रुतलेली. बैल जीव तोडून ओढत होते, पण खूर मागं सरकत होते आणि बंडी तसूभर हलत नव्हती. बाबा खाली उतरले, शेताच्या धुऱ्यावर रचलेल्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, उपसून आणल्या आणि बैलांच्या खुरांखाली पसरल्या. मग त्याच बैलांनी त्याच ताकदीनं बंडी एका झटक्यात बाहेर काढली.

"खडा," दीपा म्हणाली.

कोणाला ऐकूच आलं नाही. सरांना मात्र आलं. ते बोलायचे थांबले, वळले आणि म्हणाले, "जोरात म्हण. चुकीच्या गोष्टीले हळू बोलून भागत नाही."

"खडा!" दीपा ओरडली, इतकी की बैल दचकले. मग तिनं तुराट्यांची गोष्ट सांगितली, अडखळत, पण पूर्ण. सरांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिचे बाबा बंडीवर बसून ऐकत होते. त्यांनी पटक्याच्या टोकानं उगीचच नाक पुसलं. त्या दिवशी दीपाला आवाज फुटला. ती आज त्याच शाळेत विज्ञान शिकवते ते त्या एका खड्यामुळं, हे ती कोणालाही सांगते. सरांना मात्र कधी सांगितलं नव्हतं. सांगू कधीतरी, म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

"काकू, काहीतरी करा न," पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती चुलीजवळ बसून कांताबाईंना म्हणाली. "तुमचं ऐकतीन ते."

"माह्या सासूचं नाही ऐकलं त्यानं, माहं काय ऐकते?" कांताबाई भाकरी थापत म्हणाल्या. "ह्या माणसाले मायेनं कोणं उठवलं नाही पोरी. मी तेल चोळून पाह्यलं, रडून पाह्यलं, भांडूनही पाह्यलं. कोणी चुकीचं बोललं का मातर भरल्या ताटावरून उठते. नव्या लग्नात मी म्हटलं, सूर्य फिरते आपल्याभवती. झालं! जेवण राह्यलं तिथंच, अन् हा बाप्पा दिवा अन् लिंबू घेऊन बसला. वरण थंड झालं सारं."

दीपा चुलीकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "काकू, तान्ह्या पोळ्याले सरांले शाळेत घेऊन या."

"कायले?"

"मी खडा टाकतो."

कांताबाईंचा हात भाकरीवर थांबला. मग त्या इतक्या हसल्या की ओसरीवरून सरांनी विचारलं, काय झालं म्हणून.

तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत दारोदार हिंडतात. नंदीच्या पायांखाली चाकं असतात, आणि त्या चाकांवर सरांचा पहिल्यापासून डोळा. सरांच्या घरात बुद्धाची तसबीर, नंदीची पूजा त्यांनी कधी केली नाही, पण पोरांना सांगितलं, "पूजा तुमची, चाकं माही." त्या दिवशी शाळेला सुट्टी असली तरी सकाळी सगळे नंदी शाळेत यायचे. सामानाच्या खोलीचं सागवानी दार बिजागरीतून काढून व्हरांड्यातल्या ओट्याला टेकवायचं, त्या उतारावरून नंदी सोडायचे. ढकलायचे नाहीत, सोडायचे. खाली कधी माती, कधी पोतं, कधी फरशी. ज्याचा नंदी सगळ्यात लांब जाईल त्याला सर आपल्या सायकलच्या दांड्यावर बसवून गावभर फिरवायचे. गावात संध्याकाळी उंच आणि नटव्या नंदीला बक्षीस मिळायचं. शाळेत मात्र ज्याच्या चाकात तेल घातलेलं असेल त्याची चंगळ व्हायची, मग नंदीचं एक शिंग मोडलेलं का असेना.

सर निवृत्त झाल्यावर दीपानं ही रीत चालू ठेवली होती. दार तेच होतं. व्हरांड्यात मात्र गेल्या वर्षी नव्या चकचकीत टाईल्स बसल्या होत्या.

सर यायला तयार झाले, पण ज्या कारणानं झाले ते ऐकून दीपाच्या उत्साहावर पाणीच पडलं. "जायच्या आधी एकदा शाळा पाहून घेतो," ते म्हणाले. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सर आणि कांताबाईंना घेऊन अंकुरनं आपली ॲपे रिक्षा थेट व्हरांड्याला लावली. अंकुर म्हणजे सरांचाच विद्यार्थी, मंगळवारी खडा म्हणून ओरडणारा तो हाच. त्यानं सरांना निळ्या खुर्चीसकट उचलून व्हरांड्याच्या एका टोकाला ठेवलं आणि वॉकर भिंतीशी टेकवला. सरांनी खाली पाहिलं. टाईल्सवर आभाळ दिसत होतं. त्यांनी हळूच दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले. दीपानं ते पाहिलं आणि तिला तेव्हाच कळलं की आपण समजत होतो त्याहून हे काम अवघड आहे.

पोरं जमली. झेंडूच्या माळा, घुंगरं, बेगड, नुसता कल्ला. दीपानं हात मागं बांधले आणि म्हणाली, "आज भातात एक खडा आहे बरं का." पोरांना ठाऊक होतं काय ते. सरांनी मान वर केली.

पहिला मान ऋतिकचा. त्याचा नंदी यवतमाळहून आणलेला, गुडघ्याएवढा उंच. त्यावर काकानं कौतुकानं ऑइल पेंटचा ताजा हात मारलेला. ऋतिकनं तो दारावर ठेवला आणि सोडला. नंदी जागचा हलेना. पोरं खो खो हसायला लागली. "चाकाच्या आसात रंग गेला," सर खुर्चीतून पुटपुटले. दीपानं आशेनं पाहिलं, पण ते तेवढंच बोलून गप्प झाले. ऋतिकचा चेहरा पडला. अंकुरनं ॲपेतून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्याच्या शेजारी बसून चाकाभोवतीचा रंग खरवडायला लागला.

मग दीपानं पोरांना पोतं अंथरायला लावलं. खिचडीच्या तांदळाची तागाची रिकामी पोती शाळेत ढीगभर. पण टाईल्सवर पोतंच सरकायला लागलं, तेव्हा चार पोरं त्याच्या चार टोकांवर उभी राहिली. नंदी उतारावरून आला, पोत्यावर आला आणि हातभर जाऊन थांबला. पोतं काढलं; तोच नंदी टाईल्सवरून सुळकन व्हरांड्याच्या मध्यापर्यंत गेला. पोरं खूश झाली. दीपानं एक मोठा आणि एक लहान नंदी दोन हातांत धरला, सरांकडे न पाहता सगळा धीर गोळा केला आणि म्हणाली, "हा मोठा नंदी जड आहे. दोन्ही एकदम वरून खाली टाकले तर हा जड असल्यामुळं आधी जमिनीवर पडणार."

सरांनी उठावं म्हणून टाकलेला खडा. त्यांच्याच काळातला, त्यांच्या आवडीचा.

"खडा!" सुरभी ओरडली. सातवीतली ही पोरगी दोन वेण्यांची, डोळ्यांत तेल घालून बसणारी. "मॅडम, दोन्ही बरोबरच पडतीन! मी मोबाइलवर पाह्यलं!" आणि तिनं लगेच दोन नंदी पोत्यावर टाकून दाखवलेसुद्धा. धप्प, एकच आवाज.

सरांनी मान डोलावली. "बरोबर हाय पोट्टीचं," म्हणाले, आणि खांद्यावरचा टॉवेल सारखा करून परत पायांकडे पाहू लागले.

संपलं. दीपाकडे दुसरी युक्ती नव्हती. कांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, दीपानं नजर चुकवली. रविवारी गाडी येणार, कुलूप लागणार, आणि ती रोज शाळा सुटल्यावर कोणाकडे डोकावणार होती? पोरं पुढचा नंदी, पुढचा नंदी म्हणून ओरडत होती. तिनं सोनूला पुढं घेतलं. सोनू पहिलीतला, त्याचा नंदी त्याच्या आजोबांचा, रंग उडालेला, एक कान गेलेला. सोनूनं तो सोडला. नंदी दारावरून उतरला, टाईल्सवर आला आणि चालतच राहिला. सगळे नंदी मागं टाकून व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून वीतभरावर जाऊन थांबला. पोरांनी एकच गिल्ला केला. सोनू मात्र तिथं जाऊन उकिडवा बसला आणि विचारात पडला.

"मॅडम, हा थांबला काहून?"

दीपाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिच्या कानात सहा महिने एकच वाक्य बसलेलं होतं, ते तोंडातून निसटलं.

"जोर सरला त्याचा," ती म्हणाली.

कोणी खडा म्हटलं नाही. सुरभीनंही मान डोलावली. दुसरं काय असणार? अख्खं जग असंच समजतं.

"खडा!"

असा आवाज त्या शाळेत कित्येक वर्षांत कोणी काढला नव्हता. खुर्ची मागं कलंडली. भीमराज सर उभे होते.

"जोर त्या नंदीत होता कवा, तो सरन? कोणं भरला होता? उतारावरून त्याले धरतीनं ओढलं. सपाटीवर आल्यावर तो चाललाच असता, चाललाच असता, कोणं अडवलं नसतं तर पार घाटंजीचा बाजार करून आला असता!" बोलता बोलता त्यांचा हात हवेत फळा शोधत होता आणि पाय निघाले होते. एक पाऊल, दुसरं, तिसरं. "तो सोताहून थांबला नाही. त्याले थांबवलं. आसानं थांबवलं, फरशीनं थांबवलं, हवेनं थांबवलं. कोणं थांबवलं ते पाह्य! जोर सरला म्हणे! सातवीले मी तुले हेच…"

आणि त्यांनी खाली पाहिलं.

खाली टाईल्स होत्या. मागं खुर्ची पडलेली, वॉकर भिंतीशी, आजूबाजूला धरायला काही नाही. सरांचे ओठ पांढरे पडले. उजवा पाय उचलला गेला होता तो तसाच, टेकवावा की नाही या विचारात थरथरत राहिला. दीपा धावली, पण कांताबाईंनी तिचं मनगट पकडलं.

तेवढ्यात सुरभीनं पोतं ओढत आणलं आणि सरांच्या त्या अधांतरी पायाखाली अंथरलं.

"मॅडमनं सांगतलं न," ती म्हणाली, "पोत्यावर सटकत नाही." मग तिनं बाकीच्या पोरांवर डोळे वटारले. "पाह्यता काय? टोकावर उभे राहा!"

चार पोरं पोत्याच्या चार टोकांवर उभी राहिली, आपापले नंदी कडेवर घेऊन. सरांनी पाय टेकवला. खरबरीत ताग तळव्याला लागला असेल. त्यांचे खांदे खाली आले. दुसरा पाय टेकवला. पुढं ऋतिकनं दुसरं पोतं टाकलं. त्यावर आणखी चार पोरं. सर पुढं गेले की मागचं पोतं उचलून पुढं यायचं. दीपा नुसती पाहत होती, आणि तिला पाऊस होऊन गेलेली ती पांदण दिसत होती, वाकून तुराट्या पसरणारे बाबा दिसत होते. बाबा जाऊन किती वर्षं झाली! ते बैल गेले, ती बंडीही मोडून चुलीत गेली. डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत.

अशा रीतीनं भीमराज सर सगळा व्हरांडा चालून सोनूच्या नंदीपाशी पोचले. सोनूनं नंदी उचलून त्यांच्या हातात दिला. सरांनी बोटानं चाक फिरवलं. चाक गरगरत राहिलं.

"पाह्य," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "ह्याचं काही सरलं नाही."

"मंग सर," सुरभीनं विचारलं, "तुम्ही काहून थांबले होते?"

पोरांना अशा वेळी काय विचारावं आणि काय नाही याचा पाचपोच नसतो, हे किती बरं आहे. सर चाकाकडे पाहत राहिले, ते थांबेपर्यंत.

"भेव," ते म्हणाले. "पडलो होतो न मी. भेवानं धरून ठेवलं, अन् मी म्हणत राह्यलो का जोर सरला. तुम्हाले सांगायचो, खडा गिळू नोका. अन् मीच हा सहा महिने तोंडात धरून बसलो."

दीपा जवळ गेली. तिला खूप काही सांगायचं होतं, इतक्या वर्षांचं. तोंडातून भलतंच निघालं. "सर, तो खडा मी टाकला नव्हता. मी खरंच चुकली."

"मले माहीत हाय."

"अन् आधीचा…"

"तो टाकेल होता. जड नंदीवाला. तू अन् तुही काकू चुलीपाशी खुसुरफुसुर करता, मले काय ऐकू येत नाही?" सरांनी नंदी काखेत धरला. "मुद्दाम टाकेल खड्यासाठी मी कायले उठू? माही पोट्टी खरंच चुकून राह्यली, मंग कसा बसून राहू?"

दीपानं वाकून सरांच्या पायांना हात लावला, तशी पोत्याच्या टोकावरची पोरंही उगीच वाकली आणि पोतं थोडं सरकलं. "टोकं सोडू नोका रे!" सर ओरडले.

मग अंकुरनं कांताबाईंना फोन लावून दिला. "अतुल," त्या म्हणाल्या, "रविवारी ये, पुरणपोळी खाय, अन् गाडी रिकामी घेऊन जाय. दिवाळीले येतो आम्ही तुह्याकडे. त्याच्याआधी घरभर पोते अंथरून ठेव." पलीकडून तो काय काय विचारत होता, पण त्यांनी फोन ठेवून दिला.

एवढा वेळ उभं राहून सरांचे पाय आता भरून आले होते. त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची कोणीतरी सरळ केली होती आणि तिच्यात कांताबाई बसल्या होत्या, मांडीवर पदर पसरून, पाय सोडून, ऐसपैस.

"उठ वो," सर तिथून म्हणाले. "बसू दे मले."

"नाही उठत. सहा महिने तुम्ही बसले, आता मी बसतो. धावपळ करून माहा जोर सरला."

"खडा!" सगळा व्हरांडा एका दमात ओरडला. पहिलीतला सोनू सगळ्यात मोठ्यानं.

कांताबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, पण खुर्चीतून हलल्या नाहीत. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मधल्या लांबच लांब टाईल्सकडे पाहिलं. मग सुरभीनं पोतं उलट्या दिशेनं अंथरलं, आणि सर खुर्चीवरचा आपला हक्क सांगायला चालत निघाले.